गाळलेल्या जागा

शाळेत शिकविण्याची आमची पुष्कळशी वर्षे प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिण्यात गेली, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. निकालाच्या आदल्या रात्री टेबलावर पुस्तकांची चळत, वर्गात साठाच्या घरात मुले आणि शेऱ्यासाठी छापलेली जागा जेमतेम दोन बोटे रुंद. 'समाधानकारक', 'अक्षर सुधारावे', 'बडबड कमी करावी' असे लिहीत हात आपसूक चालत असे. गेल्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो पन्नाशीला टेकलेला संसारी गृहस्थ आहे. बोलता बोलता त्याने पिशवीतून एक जीर्ण प्रगतिपुस्तक काढून आमच्यापुढे ठेवले. इयत्ता सातवीच्या वार्षिक परीक्षेच्या रकान्यात आमच्याच अक्षरात लिहिले होते : 'वृत्ती धरसोडीची. हाती घेतलेले तडीस नेत नाही.' तो तक्रार करावयास आला नव्हता. आईच्या पश्चात तिची ट्रंक आवरताना हे सापडले म्हणून त्याने दाखवावयास आणले होते, इतकेच. पण चहाचा कप खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "सर, धंदा बसला तेव्हा आणि घर मोडायला आलं तेव्हा, पहिल्यांदा हीच ओळ आठवली. वाटलं, सरांनी तेव्हाच ओळखलं होतं."

आम्ही काहीच ओळखले नव्हते. त्या रात्री अठ्ठावन्न पुस्तके संपवावयाची होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका स्नेह्याने आमच्या हाती एक इंग्रजी पुस्तक ठेवले. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन या दोघांचे 'नॅरेटिव्ह मीन्स टु थेराप्युटिक एंड्स'. ते १९९० साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे थोड्या वेगळ्या नावाने निघाले होते. व्हाइट (१९४८–२००८) हे ॲडलेडच्या बाल-रुग्णालयात सामाजिक कार्यकर्ते म्हणून काम केलेले गृहस्थ. एप्स्टन कॅनडात जन्मले आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाले. नॅरेटिव्ह थेरपी या नावाने जी उपचारपद्धती पुढे जगभर गेली, तिचा हा पायाभूत ग्रंथ. मराठीत तिला कथनोपचार म्हणता येईल. मानसोपचारावरील ग्रंथाचा परामर्श साहित्याच्या पानांवर कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, हे पुस्तक वैद्यकाकडून फारच थोडे घेते आणि साहित्याच्या अभ्यासाकडून पुष्कळ घेते. घेतलेले ऋण लेखकद्वय लपवीत नाही. तेव्हा ज्याच्याकडून उसने घेतले त्याने हिशेब पाहावा, हे रीतसरच आहे.

ग्रंथाचा मूळ विचार सांगावयास सोपा आहे. माणसाचे आयुष्य त्याच्या गोष्टीपेक्षा नेहमीच मोठे असते. दिवसभरात घडलेल्या शंभर गोष्टींपैकी आपण चार-दोन लक्षात ठेवतो, त्या एका सूत्रात ओवतो आणि त्या माळेला 'मी' म्हणतो. सूत्र एकदा ठरले की त्यात न बसणारे मणी आपोआप गळून पडतात. 'मी धरसोड्या' हे सूत्र ठरलेल्या मनुष्याने एखादे काम निष्ठेने तडीस नेले, तरी तो त्यास योगायोग म्हणून बाजूला सारतो. आणि एखादे अर्ध्यावर सुटले की तो पुरावा म्हणून जपून ठेवतो. वाचकाविषयी विचार करणारा जर्मन समीक्षक वोल्फगांग ईझर यांचे म्हणणे असे की, प्रत्येक संहितेत रिकाम्या जागा असतात आणि वाचक त्या स्वतःच्या अनुभवाने भरतो. व्हाइट यांनी हाच विचार माणसाच्या आयुष्याला लावला. आमच्यासारख्या मास्तराला त्यात प्रश्नपत्रिकेतील 'गाळलेल्या जागा भरा' आठवले तर नवल नाही. फरक इतकाच की, परीक्षेत जागा कोणी गाळल्या हे ठाऊक असते. आयुष्यात त्या आपण, आपल्या घरच्यांनी आणि आपल्या मास्तरांनी मिळून गाळलेल्या असतात.

येथे ग्रंथकार मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड ब्रूनर यांचे एक उदाहरण देतात. ते फार बोलके आहे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांविषयी अभ्यासकांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत जी गोष्ट सांगितली ती अशी : भूतकाळ वैभवाचा, वर्तमान विस्कटलेला, भविष्यकाळ गोऱ्यांच्या समाजात विरून जाण्याचा. १९७० नंतर तीच गोष्ट अशी सांगितली जाऊ लागली : भूतकाळ शोषणाचा, वर्तमान प्रतिकाराचा, भविष्यकाळ स्वत्वाच्या पुनरुज्जीवनाचा. माणसे तीच, पुष्कळशा घटनाही त्याच. शेवट बदलला आणि त्याबरोबर प्रत्येक घटनेचा अर्थ फिरला. पहिल्या गोष्टीत जुना सण जपणारा म्हातारा हा मागे राहिलेला मनुष्य ठरतो, तर दुसऱ्या गोष्टीत तोच म्हातारा तग धरून राहिलेला ठरतो.

मराठी वाचकास हे समजावयास अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि ज्यांनी कधी चोरी केली नाही अशा तान्ह्या मुलांवरही जन्माबरोबर शिक्का मारण्याची सोय करून ठेवली. तो कायदा गेला. १९५२ मध्ये त्या जमाती कागदोपत्री विमुक्त झाल्या. पण शिक्का माणसांच्या डोक्यांत राहिला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपले आत्मकथन लिहिले तेव्हा त्यास नाव दिले 'उचल्या'. दुसऱ्यांनी ठेवलेले नाव त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले, आणि त्यानंतर वाचकास शिक्का आणि माणूस एकत्र पाहावे लागले. पुढल्याच वर्षी, १९८८ मध्ये, त्यांस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोणत्याही उपचारकेंद्राचा त्या लेखनाशी संबंध नव्हता. तरीही व्हाइट ज्याला आयुष्याचे पुनर्लेखन म्हणतात ते याहून वेगळे काय आहे, असा प्रश्न आम्हांस पडतो.

आता ग्रंथातील त्या प्रसिद्ध प्रकरणाकडे वळू. विषय किंचित अमंगळ आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे. सहा वर्षांचा एक मुलगा. मोठा झाला तरी त्याला कपड्यांतच शौचास होई. एवढेच असते तर घरच्यांनी सोसले असते. पण तो ती घाण भिंतींवर फासी, कपाटांमागे दडवी, तिच्या गोळ्या करून उडवी. जणू ती त्याची खेळगडीच झाली होती. अनेक उपाय थकले होते. आईला वाटू लागले होते की आपण आई होण्यास लायकच नाही. बाप इतका लाजला होता की त्याने मित्रांकडे जाणेयेणे तोडले होते. व्हाइट यांनी त्या कुटुंबाशी बोलताना मुलाला काही झाले आहे असे म्हटलेच नाही. त्यांनी घाणीलाच एक नाव दिले. ते नाव मराठीत 'चोरटी शी' असे होईल. मग प्रश्न सुरू झाले. या चोरट्या शीने तुझे काय काय बिघडविले? तिने आईच्या मनात काय भरवून दिले? बाबांना मित्रांपासून कसे तोडले? आणि त्यानंतर उलट प्रश्न : ती तुला फसवू पाहत होती, पण तू फसला नाहीस, असे कधी घडले का?

मुलाला तसे प्रसंग आठवले. आईलाही एक आठवला. एकदा ती खचण्याच्या बेतात होती, पण खचण्याऐवजी तिने उठून संगीत लावले होते. बापाला एकही आठवला नाही. पण त्याने ठरविले की कामावरच्या सोबत्यांना हे गुपित सांगून टाकायचे. दोन आठवड्यांनी सारे पुन्हा भेटले तेव्हा मुलाच्या बाबतीत एकच, तोही किरकोळ, अपघात झाला होता. बापाने सोबत्यांना सांगितले होते. आणि तासाभराने त्यांतील एकजण परत येऊन म्हणाला होता की त्याच्याही मुलाचे असेच आहे. सहा महिन्यांनंतरही मुलगा ठीक होता.

आम्ही हे प्रकरण तीनदा वाचले. पहिल्या वाचनात ती एक युक्ती वाटते. आजी लहान मुलाला 'तुझा राग त्या मांजरीला देऊन टाक' म्हणते, तसली. दुसऱ्या वाचनात दिसते की, घाणीला नाव दिल्याबरोबर घरातील तिघेही एका बाजूला आले. तोवर मुलगा एका बाजूला आणि आईबाप दुसऱ्या बाजूला, अशी लढाई होती. तिसऱ्या वाचनात आमचे लक्ष बापाच्या त्या सोबत्यावर खिळले. मुलाच्या आजारात त्याचा काय संबंध? पण बापाची 'मी कमनशिबी, माझे घर इतरांसारखे नाही' ही गोष्ट त्या एका माणसाने मोडली. एकट्याने ती मोडली नसती.

समस्या निराळी आणि माणूस निराळा, हे ध्यानात ठेवून लिहिण्याची दृष्टी आपल्या साहित्यात पूर्वीपासून आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) आपल्या घरांतून अजूनही वाचली जातात. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. त्या सोवळ्याने सारे घर वेठीस धरले होते, मुलांचे हाल झाले होते. लक्ष्मीबाई ते हाल झाकीत नाहीत. पण त्या लिहितात अशा की, सोवळे हे घरात ठाण मांडून बसलेले निराळेच पात्र वाटते आणि वडील त्याचे पहिले बळी. त्यामुळे वाचक हसतो, हळहळतो, पण त्या वडिलांचा द्वेष करीत नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा नवराबायकोची ताटातूट झाली. त्यानंतरच्या वर्षांत बाईंच्या वाट्याला 'टाकलेली', 'बाटग्याची बायको' अशी विशेषणे आली असतील. त्यांच्या पुस्तकात त्यांतील एकही विशेषण त्यांना चिकटलेले दिसत नाही. स्वतः १९०० साली बाप्तिस्मा घेईपर्यंतचा त्यांचा प्रवास हा हळूहळू स्वतःला निराळे वाचण्याचा प्रवास आहे. ॲडलेडच्या त्या पुस्तकाने आम्हांला 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावयास लावली, आणि एवढ्यासाठीही आम्ही त्याचे ऋणी आहो.

या पद्धतीचे खरे बळ मात्र नाव देण्यात नाही, असे आमचे मत आहे. ते आहे त्या उलट प्रश्नात : 'असे कधी घडले नाही, हे कधी झाले का?' समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी मनोरुग्णालयांवर १९६१ साली लिहिलेल्या ग्रंथातील एक कल्पना व्हाइट यांनी येथे उचलली. आयुष्याच्या ठरलेल्या गोष्टीत न बसणारे, म्हणून विसरले गेलेले जे सुटे प्रसंग असतात, ते शोधावयाचे. एक सापडला की त्याच्या मागेपुढे खणावयाचे. त्या दिवशी तू नेमके काय केलेस? कोणत्या क्रमाने? त्याआधी असे कधी केले होतेस? तसे केलेस यावरून तुला काय मोलाचे वाटते, असे दिसते? तुझ्या लहानपणी तुला ओळखणाऱ्यांपैकी कोणाला हे ऐकून आश्चर्य वाटले नसते? जेरोम ब्रूनर यांनी कथेचे दोन प्रदेश सांगितले होते, एक घटनांचा आणि दुसरा जाणिवेचा. व्हाइट यांचे प्रश्न या दोन्ही प्रदेशांत विणकराच्या धोट्याप्रमाणे येरझारा घालतात. चांगला कादंबरीकार हेच करतो.

हल्ली बाजारात 'स्वतःला आवडायला शिका', 'आरशात पाहून म्हणा, मी यशस्वी आहे' असा उपदेश करणारी पुस्तके फार झाली आहेत. कथनोपचाराची गणना त्यांच्यात करणे ही चूक ठरेल. आरशातील वाक्याला पुरावा नसतो, म्हणून ते रात्रीपर्यंत टिकत नाही. येथे प्रसंग खराच घडलेला असावा लागतो. तो कल्पून चालत नाही, आणि उपचारकाने सुचवूनही चालत नाही. माणूस गोष्टींनी घडतो असे म्हटले की 'मग सत्य कोठे राहिले?' अशी शंका निघते. ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात मिशेल फूको यांच्या आधारे सत्य आणि सत्ता यांचा जो ऊहापोह आहे, तो वाचताना ही शंका आमच्याही मनात आली आणि पुरती फिटली नाही. तात्त्विक भागात लेखकांचा तोल अधूनमधून सुटतो. पण प्रत्यक्ष संभाषणे पाहावीत तर तेथे ते घडलेल्या गोष्टीला घट्ट धरून असतात. त्यांचे आचरण त्यांच्या तत्त्वज्ञानाहून अधिक सत्यनिष्ठ आहे, असा आमचा निष्कर्ष आहे.

भाषेविषयी दोन शब्द. व्हाइट यांचे गद्य कोरडे, बोजड आणि परिभाषेने जड झालेले आहे. एकेक वाक्य चढण चढल्यासारखे वाटते. एप्स्टन यांची पत्रे आली की खिडकी उघडल्यासारखे होते. भेट संपली की एप्स्टन त्या व्यक्तीला पत्र लिहीत. त्यात निदान नसे, सल्ला नसे. तिने काय सांगितले, त्यातले आपल्याला काय लक्षणीय वाटले आणि जे विचारावयाचे राहून गेले ते प्रश्न, एवढेच. दवाखान्यात आपल्याविषयी लिहिलेला कागद आपल्या हाती येत नाही, तो डॉक्टरांच्या फायलीत जातो. एप्स्टन यांचा कागद टपालाने घरी येतो आणि दहा वर्षांनी पुन्हा काढून वाचता येतो. शेवटचे प्रकरण तर सबंध अशा कागदांचेच आहे. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला भीती पकडल्याबद्दल आणि राक्षस माणसाळवल्याबद्दल रीतसर प्रमाणपत्र, वरून सही आणि तारीख. वाचताना हसू येते. पण आमच्या टेबलावर त्या वेळी ते जीर्ण प्रगतिपुस्तक पडलेले होते, म्हणून आम्हांला फार वेळ हसता आले नाही. एका कागदाने झालेली जखम दुसऱ्या कागदाने भरता येते, असा या प्रकरणाचा दावा आहे. हा दावा आम्ही हसण्यावारी नेत नाही.

साक्षीदारांचा मुद्दा व्हाइट यांनी पुढील वर्षांत अधिक विकसित केला. मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा मायरहॉफ यांनी कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या व्हेनिस वस्तीतील वृद्ध ज्यूंचा अभ्यास केला होता. त्या वृद्धांची मुले दूर, गाव युरोपात नष्ट झालेले, रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हते. म्हणून ते आपल्या केंद्रात जमून एकमेकांपुढे आपापली हकिगत सांगत, मिरवणुका काढीत, समारंभ करीत; आम्ही आहोत, हे दाखविण्यासाठी. त्यावरून व्हाइट यांनी एक रीत बसविली. एकजण आपली नवी गोष्ट सांगतो, चार-पाचजण ऐकतात. मग ते शाबासकी देत नाहीत, उपदेश करीत नाहीत, 'माझेही असेच झाले' म्हणून स्वतःचे पुराणही लावीत नाहीत. कोणता शब्द मनाला भिडला, त्याने डोळ्यांपुढे कोणते चित्र आले, त्याने आपल्यात काय हलले, एवढेच सांगतात. आमच्या धर्मग्रामांतून प्रार्थनासभा, महिला मंडळे, दुःखाच्या घरी बसावयास जाणे हे सारे आहे. पण ऐकून झाल्यावर उपदेश न करणे ही कला आम्हांला, निदान या लेखकाला, अजून साधलेली नाही.

आता एका आक्षेपाकडे यावयास हवे, कारण आपल्या वाचकांच्या मनात तो आतापर्यंत आला असेलच. पापनिवेदनाच्या वेळी आपण आपला अपराध आपला म्हणून उच्चारतो. दारू, राग, संशय यांना माणसाबाहेर काढून उभे केले तर 'मी मारले नाही, रागाने मारले' असे म्हणावयास मोकळीक मिळणार नाही काय? दारूच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांची जी जगप्रसिद्ध बंधुता आहे, ती अल्कोहोलिक्स अनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या सभेत तर मनुष्य उभा राहून प्रथम 'मी मद्यासक्त आहे' असेच सांगतो, आणि त्या कबुलीने असंख्य घरे वाचली आहेत. मग खरे कोणते?

आक्षेप वजनदार आहे. परंतु ग्रंथकारांच्या परंपरेतच त्याचे उत्तर सापडते. त्याच ॲडलेडमध्ये ॲलन जेन्किन्स यांनी बायकामुलांवर हात टाकणाऱ्या पुरुषांबरोबर काम करून १९९० मध्ये पुस्तक लिहिले. जबाबदारीचे आमंत्रण असे त्याच्या नावातच आहे. मारहाण ही समस्या म्हणून बाहेर काढून तिच्यावर दोष टाकावयाचा, असे तेथे होत नाही. बाहेर काढावयाचे ते 'पुरुषाने बायकोला धाकात ठेवले पाहिजे', 'माझा स्वभावच तापट' असले समज. 'स्वभावच तापट' ही उलट सर्वांत सोयीची पळवाट असते. स्वभावाला कोण काय करणार? ती काढून घेतली की मनुष्यापुढे त्याची कृती उघडी उरते, आणि तिच्याविषयी त्याला स्वतः भूमिका घ्यावी लागते. पापनिवेदनातही 'मी खोटे बोललो' असे सांगावयाचे असते. 'मी खोटारडा आहे' असे सांगणे म्हणजे कृतीऐवजी स्वतःवर शिक्का मारून मोकळे होणे. त्यामुळे दोहोंत आम्हांस विरोध दिसत नाही. मात्र ही सूक्ष्मता सर्व उपचारकांना सांभाळता येईल, अशी हमी कोणी देऊ नये. अर्धवट शिकलेल्याच्या हाती समस्येला नाव देण्याची क्लृप्ती बाहुल्यांच्या खेळासारखी होईल. मद्यासक्तांच्या सभांबद्दल बोलावयाचे तर, ज्याला त्या एका वाक्याने उभे केले आहे त्याच्याकडून ते काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही सिद्धान्तास नाही.

मर्यादा आणखीही आहेत. ज्या घरी महिनाअखेर चूल कशी पेटवावी ही चिंता आहे तेथे गोष्ट बदलून चूल पेटत नाही. व्हाइट यांनाही हे मान्य असावे, कारण त्यांचा रोख माणसावर अन्याय करणाऱ्या व्यवस्थेकडे वारंवार वळतो. गंभीर मानसिक आजारात औषधांची गरज असते, आणि हे वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर तो अनर्थ होईल. परिणामांचे मोजमापही अद्याप बेताचेच आहे. ब्रिस्बेनमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नैराश्याने ग्रासलेल्या ४७ प्रौढांना या पद्धतीच्या आठ बैठका दिल्या. चारांतील सुमारे तिघांचे नैराश्य लक्षणीय कमी झाले. परंतु इतरांशी असलेल्या नात्यांतील सुधारणा तितकी टिकली नाही, आणि उपचार न मिळालेल्यांचा गट तुलनेला नव्हता. आशा वाटावी इतके हे आहे, डंका वाजवावा इतके नाही.

तरीही पद्धत फिरते आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात एड्सने आईबाप गेलेल्या मुलांसाठी झिंबाब्वेच्या मानसशास्त्रज्ञ एनकाझेलो एनक्यूबे आणि ॲडलेडचे डेव्हिड डेनबरो यांनी 'जीवनवृक्ष' नावाची रीत बसविली. मूल एक झाड काढते. मुळांत आपले गाव आणि पूर्वज, खोडात आपल्याला येणारी कामे, फांद्यांत आशा, पानांत जिवाभावाची माणसे, फळांत मिळालेल्या देणग्या. मग सर्वांची झाडे भिंतीवर लावून त्यांचे रान करतात, आणि त्यानंतरच वादळांविषयी बोलतात. आधी वादळ विचारले असते तर मूल त्यातच पुन्हा वाहून गेले असते. मुंबईतही 'उमीद' या बालविकास केंद्रातील मंडळी विकासात अडचणी असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी या विचाराने काम करीत आली आहेत. मराठीत या विषयावर सोप्या भाषेत एखादे चांगले पुस्तक कोणी लिहिले तर आमच्या धर्मग्रामांच्या वाचनालयांनी ते जरूर घ्यावे. व्हाइट यांचे गद्य मात्र जसेच्या तसे मराठीत आणू नये, ही विनंती.

एप्स्टन यांची पत्रे वाचून झाल्यावर आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहावयास बसलो. क्षमा मागणे सोपे होते, ती दोन ओळींत मागितली. त्यानंतर कागद बराच वेळ कोरा राहिला. मग आठवले. एका वर्षी दिवाळीच्या सुटीत शाळेच्या बागेतील वाफ्यांना पाणी घालण्याचे काम पाच मुलांनी अंगावर घेतले होते. चौघे चार दिवसांतच गळाले. उरलेला एकटा सुटी संपेपर्यंत रोज सकाळी येत राहिला. शाळा उघडली तेव्हा भेंडीला फुले आलेली होती. आम्ही ती पाहिली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विसरलो. प्रगतिपुस्तकात बागेसाठी रकाना नव्हता. हे सारे, आठवते तेवढेच आणि जसेच्या तसे, आम्ही लिहिले. विहिरीवरचा पंप सुरू करून देणारे शाळेचे शिपाई अद्याप हयात आहेत, त्यांनाही विचारून पाहावे, असे शेवटी लिहिले.

त्याचा फोन आला. पत्राविषयी तो फारसे बोलला नाही. एकच विचारले, "सर, ते सहावीचं वर्ष की सातवीचं?" आम्ही जुन्या डायऱ्या काढून पाहिल्या आणि त्यास कळविले की सातवीचे. त्यानंतरच्या रविवारी मिस्सा आटोपून तो शिपाईमामांच्या घरी गेल्याचे आमच्या कानी आले.